उलट्या हातातल्या काड्या

आम्ही गोंधळी. आज हे बेधडक लिहितोय, तेव्हा तोंडाला कुलूप होतं. माझे वडील, आबा, लग्नघरी देवीचा गोंधळ घालायचे, कमरेला संबळ बांधून. आणि परदेशात, डँडेनॉन्गच्या घरात राहणाऱ्या आम्हा पाच स्टुडंटांपैकी बाकीच्या चौघांना मी सांगितलं होतं, वडील कंपनीत आहेत. कुठल्या, ते कुणी विचारलं नाही, नशीब माझं!

एका रविवारी दुपारची शिफ्ट रद्द झाली. कोथरूडचा रूममेट म्हणाला, "चल रे, युनीजवळ वाद्यांचं म्युझियम आहे, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर काय, गेलो.

आत बासऱ्या, वीणा, कसले कसले ढोल. शेवटच्या टेबलावर हात लावून बघायची वाद्यं होती, आणि त्यांत संबळ. माझा हात आपोआप पुढे गेला, संबळाला लागून कपाळाशी आला. आमच्यात त्याशिवाय संबळाला काडी लावत नाहीत. त्या टेबलाची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ते नेमकं पाहिलं. "तुला वाजवता येतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत रूममेट हसला. "अरे, हे तर दारावर मागायला येतात त्यांचं!"

मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. बाईंना म्हणालो, "नो, नो, आम्ही सगळ्यालाच नमस्कार करतो."

तरी बाईंनी काड्या हातात दिल्याच. एक टोकाला वाकडी, एक सरळ. कुठली कुठल्या हातात धरायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. मी मुद्दाम उलट्या धरल्या आणि माकडासारखं बडवत सुटलो. बोटं मेली ऐकेनात, ठेका धरू बघत होती. मीच तो मोडत होतो. रूममेटने फोटो काढला.

फोटो त्याने इंटरनेटवर टाकला, माझ्या चुलतभावाने तो आबांना दाखवला. त्यांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काड्या उलट्या धरल्यास की रे," आबा म्हणाले. "इतक्यात विसरलास?"

"हो आबा. विसरलो."

"असू दे. अभ्यासाचं डोक्यात असतं, व्हायचंच. आलास की पुन्हा शिकवीन." मग खुशीत म्हणाले, "पण तिथंही आपलं संबळ ठेवलंय बघ! सांगितलंस ना सगळ्यांना, हे आमच्या घरचं आहे म्हणून?"

"सांगितलं, आबा," मी म्हणालो.