चौदाशे पौंड जास्त

ओक्लाहोमात ट्रेलर लावायला माझ्या तळावर उतरतात ते बहुतेक पाइपलाइनवाले. नवरा वेल्डर, बायको, मुलं आणि पिकअपमागे ओढत आणलेलं ट्रेलरचं घर. काम संपलं की हुक अडकवला आणि निघाले. बत्तीस वर्षं हेच बघतेय, म्हणून कोणात जीव गुंतवायचा नाही असं मी स्वतःला बजावून ठेवलंय. लव्हेडा प्रुइटच्या बाबतीत ते जमलं नाही.

तिचा ट्रेलर होता सुट्टीत चार दिवस फिरणाऱ्या हौशी लोकांसाठी बनवलेला. त्यात ती, नवरा रॉइस, तेरा वर्षांची शेल्बी आणि सहा वर्षांचा कोल बारा महिने राहत. जेवायचं टेबल मोडून कोलचा बिछाना व्हायचा, मग शेल्बी दाराच्या पायरीवर वही घेऊन बसायची. लव्हेडानं आल्या आल्या करवत काढली. सोफा उपटून फेकला, मागच्या बाजूला दोन बिछाने एकावर एक ठोकले आणि शेल्बीच्या बिछान्याला सरकतं दार लावलं. पोरगी आत गेली ती तासभर बाहेरच येईना.

"आत करतेस तरी काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, मिस ओपल. दार लावून बसलेय."

ही शेल्बीची आतापर्यंतची नववी शाळा. इथे तिला बँडमध्ये घेतलं होतं, शिवाय जेवताना शेजारी जागा धरून ठेवणारी एक मैत्रीण मिळाली होती. लव्हेडाला ही शाळा मोडायची नव्हती. रॉइस वाईट नव्हता, पण विषय निघाला की म्हणायचा, "पुढच्या वेळी थांबू, नक्की." मला त्या 'नक्की'चा राग यायचा.

दाराचं काम झालं तरी बाईचा हात थांबेना. प्लायवूडची हलकी कपाटं काढून तिनं ओकची केली. जमिनीवर खऱ्या फरशा बसवल्या. कुठल्याशा पाडलेल्या घरातून बिडाचं सिंक आणलं. ट्रेलरवाल्यांचं शेंबडं पोरही सांगेल की चाकांवरच्या घरात असलं जड काही भरत नाहीत.

"अगं, हे ओढायचंय ना तुम्हाला? डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं.

"आहे, मिस ओपल," ती म्हणाली आणि माझ्या न्हाणीघरातला वजनकाटा मागून घेऊन गेली.

रॉइस बारा तास वेल्डिंग करून यायचा आणि शेजाऱ्यांना हाताला धरून घर दाखवायचा. "सगळं माझ्या बायकोनं केलंय! विटांच्या घरात तरी असतं का असं?" फरशांची खोकी त्यानं स्वतःच्या खांद्यावरून आत नेली होती.

मार्चमध्ये इथलं काम संपलं आणि वायोमिंगहून बोलावणं आलं. निघायच्या दिवशी मला गावात डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याच पिकअपमध्ये बसले. शेल्बी खिडकीकडे तोंड करून होती.

"हायवेला लागायच्या आधी ट्रकच्या वजनकाट्यावर घे," लव्हेडा म्हणाली. "मुलं बसलीत गाडीत."

रॉइसनं घेतलं. पावती हातात आली तसा तो पुटपुटला, "काटा बिघडलाय." पुन्हा वजन केलं. आकडा तोच. ट्रेलरला जेवढं झेपतं, त्याहून चौदाशे पौंड जास्त.

"एवढं कशाचं झालं?"

"फरशा सहाशे दहा," लव्हेडा समोर बघत म्हणाली. "कपाटं चारशे ऐंशी. सिंक एकशे तीस. उरलेलं पण सांगू?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"एकेक फळी तोलून लावलीय."

"अगं, मग सरळ बोलायचंस ना!"

"नऊ वर्षं बोलतेय, रॉइस. तू ऐकलंस का एकदा तरी?"

त्यानं पावतीची घडी केली. तेवढ्यात मागून शेल्बीचा आवाज आला. "बाबा, वजन कमी करायला माझ्या सामानाचं खोकं काढून टाकू का? दर वेळी काढतोच ना आपण."

रॉइसनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं गाडी तळाकडे वळवली. माझा डॉक्टर राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रेलरखाली सिमेंटचे ठोकळे रचत होता. वायोमिंगला तो एकटा जाणार होता, झोपायला पिकअपच्या मागे गादी टाकून. सहा महिने तरी. ठोकळे रचून झाले आणि तो चाकांचे नट सोडवायला लागला. लव्हेडा धावत बाहेर आली.

"चाकं कशाला काढतोस? शाळा संपेपर्यंतच म्हणतेय मी. तुला कायमचं जायला नाही सांगितलं!"

"माहीत आहे गं." त्यानं मान वर केली नाही. "पण चाकं असली ना, की निघायचं का असं मी पुन्हा विचारीन. आणि तू पुन्हा हो म्हणशील."

ती पायरीवर बसून रडली. मग उठली आणि त्याच्या हातातला एकेक नट डब्यात ठेवू लागली.