नव्या कपाटाला जुनी चिंधी

मंडळी, आज आमच्या स्वयंपाकघरात मॉड्युलर कपाटं बसली. घर कौलारू, मागच्या भिंतीकडे छप्पर पार खाली उतरतं, म्हणून वरची कपाटं तिरकी कापून घ्यावी लागली.

तिथल्या वाशाला आईने जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती. बाबा उंच, नोकरी मुंबईला. गणपतीला नि शिमग्याला येतात आणि दरवेळी त्याच वाशावर डोकं आपटतात.

कपाटांसाठी ती चिंधी सोडावी लागली. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

काम आटोपून फिटर सामान आवरत होता. तेवढ्यात आईने तीच चिंधी वरच्या नव्या कपाटाच्या हँडलमधून ओवली आणि खालच्या कोपऱ्यावर घट्ट बांधली.

"अहो काकी, कोरं कपाट आहे," फिटर कळवळला.

"ह्यांचं डोकं आता इथे लागेल," आई म्हणाली.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर किचन दाखवलं. सगळं बघून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "चिंधी काढलीस काय गो?"

आईने फोन कोपऱ्याकडे वळवला.

खाली फोटो टाकलाय. चिंधी नीट दिसतेय ना?