मारबुर्गच्या गडावर तोंडून निसटलेलं ‘अहो’

नाही हो, एकीनंतर दुसरी नव्हे. दोघी बायका एकाच वेळी. जर्मनीतल्या मारबुर्गच्या गडावरचा राजा होता तो, आपल्याकडच्या संस्थानिकासारखा. मी तो गड चढून आलेय, म्हणून तर लिहायला बसले.

आमचा नितीन आणि सून केतकी फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला असतात. उन्हाळ्यात दोन महिने त्यांच्याकडे राहिले. गावातल्या शिंदे गुरुजींनी मला लग्नाचं विचारलं होतं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, आमचे हे जाऊन नऊ. ते नितीनच्या कानावर घालायचं होतं, पण घरात तो कायम मीटिंगमध्ये. बाहेर नेला तरच सापडणार. म्हणून रविवारी निघालो.

एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने फ्रँकफुर्ट, तिथून साध्या गाडीने तासाभरात मारबुर्ग. पाच जणांपर्यंत दिवसाचं एकच तिकीट मिळतं, तेच घ्या. गावात डोंगर चढायला फुकट लिफ्ट आहे. ती अर्ध्यातच सोडते, हे सूनबाईंनी सांगितलं नव्हतं. पुढे दगडी चढ. गुडघेवाल्यांनी बस धरावी.

मला दम लागू नये म्हणून केतकी गोष्ट सांगत होती. इंग्लंडच्या राजाला बायको सोडून दुसरी करायची होती. पोप नाही म्हणाला, तर त्याने पोपलाच सोडलं आणि सगळा देश वेगळ्या वाटेला लावला.

"एकाला घटस्फोट मिळेना म्हणून?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. बाकी कारणं होतीच आई, पण ठिणगी ती."

त्याला म्हणे जर्मनीतल्या, पोपला न मानणाऱ्या नव्या पंथाच्या पंडितांनी सुचवलं होतं, की टाकू नकोस, दुसरी कर. त्याने ऐकलं नाही. या गडावरच्याने मात्र पहिलीची लेखी संमती घेतली आणि पंडितांना विचारलं. तो त्यांचा मोठा आधार, नाही कसं म्हणणार? म्हणाले, कर, पण बोलू नकोस कुठे.

"मग?"

"मग काय, सगळ्या जर्मनीला कळलं. पंथाची लाज गेली."

"गुपचूप करायचं तर नीट तरी करावं," नितीन म्हणाला.

"हो ना," म्हटलं.

वर वारा छान. खाली काळी कौलं, नदी, चर्चचे दोन मनोरे. खालच्या बाजारातून बांधून आणलेली बटाट्याची धिरडी खाल्ली. सोबत सफरचंदाचा गोड गर देतात. मी लसणाची चटणी काढली तशी नितीनने चार संपवली. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर फोन वाजला.

"अहो, गडावर आहे मी. गोळी घेतलीत का?"

फोन ठेवला तर दोघं माझ्याकडे बघतायत.

"कोण गं?"

"शिंदे गुरुजी."

"त्यांना तू गुरुजी म्हणतेस. नुसतं ‘अहो’ कधीपासून?"

इतकी वर्षं जर्मनीत राहून पोरगं हे विसरलं नव्हतं. केतकीने धिरडं खाली ठेवलं.

"आई, त्यांनी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारलंय."

नितीन धिरड्यांच्या कागदाची घडी घालत बसला. घड्या घालणं बापाचं उचललंय. मग म्हणाला, "बाबांचा फोटो?"

"भिंतीवरच राहील. त्यांच्या बायकोचाही राहील. चौघं राहू."

"इथल्या राजाच्या वरताण," केतकी हसली.

नितीनही हसला, पण उशिरा. "बरं झालं, आधी विचारलंस. डिसेंबरमध्ये सुट्टी काढतो. मी आल्याशिवाय करायचं नाही."

मी चटणीची डबी बंद केली. उतरताना त्याने माझा हात धरला होता, थेट स्टेशनपर्यंत.

घरी येऊन तीन आठवडे झाले. गडाच्या खोल्या आता आठवत नाहीत, तो हात आठवतो. नितीन तिकिटं बघतोय, केतकी साडीचा रंग विचारतेय. नितीन, तू हे वाचतोस म्हणून इथेच लिहिते, फोनवर धीर होत नाही. तुमच्याकडे यायला विमानात बसायच्या चार दिवस आधी आम्ही जिल्ह्याला जाऊन नोंदणी केली. तुला विचारायला नव्हते आले, सांगायला आले होते. लग्न झालंय आमचं.