डाव्या दाराची काच

मी लेखक नाही, आणि असल्या विषयावर लिहायचा मला अधिकार आहे असंही वाटत नाही... त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकलेल्या माणसानं असलं काही मानू नये, असं मला आजही वाटतं. पण हे मनातून जात नाही.

२००३ चा उन्हाळा. माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमा नुकताच संपला होता. सातपूरला मामांचं गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप आहे. शाळेत मला गणित शिकवणारे सर त्यांची जुनी, पॉवर विंडोची गाडी घेऊन तिथं आले. दिंडोरीकडे जाताना कालव्याच्या वळणावर पुढच्या डाव्या दाराचं लॉक टक् करून आपोआप उघडायचं, मग काच सरसर खाली. दर वेळी तिथंच. त्या बाजूला बसणाऱ्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गाडीत पाय ठेवेनात.

"सर, गाडीला बी कालव्याचं वारं लागतं वाटतं!" मामा हसले. मग माझ्याकडे वळून, "काय इंजिनेर, लय शिकलास ना? काढ फॉल्ट."

दोन दिवस मी मीटर घेऊन बसलो. फ्यूज, रिले, स्विच — सगळं ठीक. बिजागरीपाशी वायरी तुटतात, म्हणून त्याही बदलल्या. सकाळी ट्रायलला गेलो. वळण आलं... टक्. काच खाली.

शेवटी काच हलवणारी मोटर काढून फळीवर ठेवली, लॉकची वायर तोडली, काच वर ढकलून तिच्याखाली लाकडी पाचर ठोकली आणि तारेनं आवळली. पुन्हा त्या वळणावर गेलो. काच हलली नाही. पण दाराच्या आत काहीतरी खरवडत होतं... हे मी कुणालाच सांगितलं नाही.

"काकू, आता बिनधास्त बसा. माझी गॅरंटी."

"तू म्हणतोस म्हणून बसते हो बाळा."

पावसाळ्यात मी डिग्रीसाठी पुण्याला गेलो. पुढे जे कळलं त्याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही. होस्टेलवर मामांचा फोन आला.

"सरांची गाडी कालव्यात गेली रे. त्याच वळणावर."

"काकू?"

"दोघं सुखरूप हायेत. पाणी छातीपर्यंत चढलं, दारं उघडेनात. डाव्या काचेतून निघाले."

"फोडली?"

"नाय. खाली गेली म्हणतात, आपोआप. गाडी माझ्याकडेच आणलीय."

"मग पाचर निसटली असेल, मामा."



"तेच बघायला दार खोललं ना मी. पाचर जागेवर हाय. तार बी तशीच, तू पिळलेली. अन् अख्खी काच पाचरीच्या खाली."