मुलाच्या वाट्याची वचनं

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. लग्न होऊन भोसरीत आले तेव्हापासून हेच बघते. त्यामुळे माझ्या नवऱ्याला रविवारी चर्चला यायला जमायचं नाही. रविवारी मी मुलाला घेऊन जायचे आणि गुरुवारी सकाळी भाड्याच्या खोलीत आमची तिघांची उपासना व्हायची. पाळक नाही, पेटी नाही. भांडी बाजूला सारून चटई टाकली की झालं.

शास्त्र, म्हणजे बायबल, पाळीपाळीनं वाचायचं. पहिलं वचन ह्यांचं, दुसरं माझं, तिसरं मुलाचं, मग परत ह्यांचं. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी अडायचे आणि मुलगा तोंड दाबून हसायचा.

"हसू नकोस," हे म्हणायचे. "तिचं वचन आहे, तिला वाचू दे."

कोणी दुसऱ्याचं वचन वाचायचं नाही, हा आमच्या घरातला नियम होता.

हे कंपनीत फिटर होते. गुरुवारी मशीन बंद असायची, म्हणून दुरुस्तीला बोलावणं पुष्कळदा त्याच दिवशी यायचं. जाताना दारातून सांगायचे, "माझी वचनं ठेवा गं." मग आम्ही दोघं आपापली वाचायचो आणि ह्यांच्या वचनांपुढे मी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. संध्याकाळी आले की दारात उभं राहूनच वाचायचे. हात ऑईलचे, म्हणून शास्त्र मी धरायचे. एक वचन झालं की एक ठिपका रबरानं पुसायचा. चहा त्यानंतर.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा चाकणला कंपनीत लागला, त्यालाही सुट्टी गुरुवारचीच. आम्ही चऱ्होलीत फ्लॅटमध्ये आलो, सातव्या मजल्यावर. उपासना दोघांची चालू राहिली. एक वचन माझं, एक त्याचं.

मग त्याचं लग्न झालं. सून ख्रिस्ती घरातलीच आहे, नगरकडची. मुलगी चांगली आहे, पण तिला मोबाइलवरची उपासना आवडते. कानात घालून पोळ्या लाटते.

"चटईवर येऊन बस की," मी एकदा म्हणाले.

"आई, मी ऐकतेय ना. देव तोच आहे."

तोच असेल.

मुलगा गुरुवारी उशिरापर्यंत झोपायला लागला. आठवडाभर उभं राहून काम करतो, थकतो, हे मला दिसतं. उठला की दोघं बाहेर जातात. एका गुरुवारी आतून म्हणाला, "तू सुरू कर, मी आलोच." मी सुरू केलं. पहिलं वचन वाचलं. दुसरं त्याचं, म्हणून थांबले. तो आला नाही. मी ठिपका दिला आणि तिसरं वाचलं.

तेव्हापासून दोन वर्षं असंच चाललंय. मी एकाआड एक वचन वाचते. अर्थ तुटतो हे मला कळतं. माझ्या वचनात माणूस देवाला काही विचारतो आणि उत्तर मुलाच्या वचनात असतं. ते डोळ्यांना दिसतं, पण मी तोंडानं म्हणत नाही.

गीत मात्र सोडून दिलं. खालचा सूर हे धरायचे, नंतर मुलगा धरायचा. एका गळ्यानं ते उघडं पडतं. आणि स्वतःच्या प्रार्थनेला स्वतःच आमेन म्हणणं मला अजून जमलेलं नाही. प्रार्थना संपली की मी थोडा वेळ तशीच बसते, मग चटई गुंडाळते.

रविवारी दोन बस बदलून चर्चला जाते. तिथे एकदा पाळकसाहेबांना हे सांगितलं. ते हसले.

"आजी, देवाचं वचन असं अर्धं सोडू नये. सगळं वाचत जा."

"साहेब, त्याचीही मीच वाचली, तर तो येणार नाही असं मीच ठरवून टाकलं की."

तेवढ्यात मागून कोणीतरी सलाम केला, ते तिकडे वळले.

मागच्या महिन्यात मुलाच्या पाठीत उसण भरली. सून दोन दिवस माहेरी गेली होती. गुरुवारी तो हॉलमध्ये सोफ्यावर पडून होता. मी नेहमीसारखी चटई टाकली, वाचलं, थांबले, ठिपका दिला, पुढचं वाचलं.

"आई, मधलं सोडलंस."

"ते तुझं आहे."

"म्हणजे? कधीपासून?"

मी शास्त्र त्याच्या पोटावर ठेवलं. त्यानं पानं मागे उलटली, अजून मागे उलटली.

"अगं, शास्त्राला गोवर आणलास तू!"

"मी नाही आणला."

त्याचं हसू गेलं. उलटता उलटता एका जुन्या पानावर तो थांबला. तिथे ठिपके दर तिसऱ्या वचनाला होते.

"ही कोणाची?"

"पप्पांची. त्या गुरुवारी दुरुस्तीला गेले, ते कंपनीतून दवाखान्यात. घरी आलेच नाहीत."

तो तेव्हा आयटीआयला होता. पान तसंच धरून राहिला.

"मी वाचू ही?"

"नको. ती त्यांची आहेत. तू जिवंत आहेस, तुझी वाच."

त्यानं त्या दिवसाच्या अध्यायातली तीन वचनं पडल्यापडल्या वाचली. सवय गेलेली, एका जोडाक्षराला अडला. मी हसले नाही. तीन ठिपके पुसले. प्रार्थना मी केली, आमेन तो म्हणाला.

"बाकीची संध्याकाळी वाचतो," म्हणाला.

संध्याकाळी सून आली, टीव्ही लागला. मी आठवण केली नाही. सांगून वाचायला लावायचं असतं, तर दोन वर्षं थांबले नसते.

पुढच्या गुरुवारी त्याची पाठ बरी होती. दोघं बाहेर गेले. मी चटई टाकली, माझी वचनं वाचली, त्याच्या वचनांना ठिपके दिले. रबर पूर्वी फडताळात असायचं. आता शास्त्रातच ठेवते.