चादरीची चार पावलं

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, झटका देऊन ताणायची, आणि मग एकीनं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. कोणी चालायचं याचा काही नियम नाही. पण थोरल्या जाऊबाई बावीस वर्षांत जागच्या हलल्या नव्हत्या आणि धाकटी बावीस वर्षं चालत होती. चार पावलं पुढं, चार पावलं मागं, पुन्हा पुढची चादर.

गेल्या वर्षी ओल्या फरशीवरून धाकटी घसरली आणि मनगट मोडून बसली. इस्पितळात मनगटाचा व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "पडताना हात टेकलात म्हणून मोडला. आधी पडायला शिका." पलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये ज्युदो शिकवतात, तिथं सुरुवातच पडण्यापासून होते, हेही त्यांनीच सांगितलं.

"पडायला शिकवणी?" जाऊबाईंना हसता हसता ठसका लागला. "आम्ही बाई न शिकताच पडतो!"

धाकटी तरी जाऊ लागली. पडणं तिला तीन महिन्यांत आलं. उभं राहणं काही जमेना. समोरच्यानं गळपट्टी धरून ओढलं, की तिचे पाय आपसूक पुढं निघायचे, सावकाश, टोकं द्यायला निघाल्यासारखे. पुढच्या क्षणी ती पाठीवर.

"मावशी, त्यांनी ओढलं की तुम्ही निघालात पाहुणचाराला!" ज्युदोचे सर कपाळाला हात लावत.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा दोनदा हुकली. तीन फेऱ्यांत समोरच्याला एकदा स्वच्छ पाडायचं, एवढंच. तिसऱ्यांदा हुकली तर वर्षभर पुन्हा बसता येणार नव्हतं, आणि तिचा उजवा गुडघा वर्षभर थांबणाऱ्यातला नव्हता. जिना चढताना तो तसं बोलून दाखवायचा. हा पट्टा कशाला हवा, हे तिला धड सांगता आलं नसतं. आजवरचं सगळं तिच्या वाट्याला आलेलं होतं. मिळवलेलं त्यात काही नव्हतं.

परीक्षेच्या शनिवारी धुलाईघरातली पाळी संपवून ती तशीच गेली. दंड भरून आले होते, बोटांना साबणाचा वास होता. समोर कॉलेजातली एक उंच मुलगी. पहिल्या फेरीत धाकटी पडली. दुसऱ्या फेरीतही.

"मावशी, लागलं का हो?" मुलीनं वाकून हळूच विचारलं.

"लागलं. तू ओढ."

मुलीनं ओढलं. अडून राहण्याइतका जोर धाकटीत उरलाच नव्हता. पाय निघाले, पण आज सावकाश नाही. पाळी सुटायच्या वेळी शेवटचा ढीग उरकताना निघतात तसे, एकदाचं संपू दे म्हणून. मुलीचं ओढून व्हायच्या आत ती तिच्या छातीशी पोचली होती. ओढायला समोर कुणी उरलंच नाही. मुलीचा तोल मागं गेला. धाकटीनं तिच्या टाचेमागं पाय घातला, आणि गादीवर धाडकन आवाज झाला तो दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीचा.

"हे कुठं शिकलात?" सरांनी विचारलं.

"घड्या घालताना," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. पट्टा बांधायला हात वर येईनात, तो त्या मुलीनंच बांधला.

सोमवारी गुडघा टम्म सुजला होता. जाऊबाईंनी चादर ताणली आणि नेहमीसारखी वाट पाहिली. धाकटी जागची हलली नाही.

"अगं, ये की!"

"गुडघा धरलाय. आज तुम्ही या, जाऊबाई."

"मी?" त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. दोघींच्या मधे चादर ताणलेलीच राहिली. "हे शिकवतात होय तिथं?"

धाकटीनं टोकं आणखी घट्ट धरली.

जाऊबाई पुटपुटत निघाल्या. टोकं तिच्या हातात देईपर्यंत त्यांना धाप लागली.

"लांब आहे गं," त्या म्हणाल्या.