आत्याची अभिनंदनं

माणसाच्या आयुष्यात घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर कागदाचं फूल चिकटवता येतं, असं मनापासून मानणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि ती नेमकी माझी आत्या निघावी हा आमच्या खानदानाचा भोग आहे. वाढदिवसाला, लग्नाला, बारशाला कार्ड कुणीही देतं. आत्या मूळव्याधीच्या ऑपरेशनला देते. भोकरदनला तिच्या शेजारी एक निवृत्त ग्रामसेवक राहतात. ते दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी आत्या कार्ड घेऊन त्यांच्या दारात हजर. कार्डावर लाल मखमली खुर्ची, खुर्चीच्या हातांवर गुलाबाच्या वेली आणि खाली फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरांत ‘आता निवांत बसा’. ग्रामसेवकांनी ते उभ्यानंच वाचलं. नंतर बरेच दिवस ते आत्याचं घर टाळून पलीकडच्या गल्लीनं जायचे. आत्याला यात आपलं काही चुकलं असं बिलकुल वाटलं नाही. ‘‘त्यांना बसायची इच्छा व्हती म्हणूनच ऑपरेशन केलं ना?’’ ती मला म्हणाली. ‘‘मंग मी तेच लिहिलं.’’

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी हौसेनं तिला एक टॅब्लेट भेट दिला. त्या सहकाऱ्यांना आमच्या घरात अजूनही कुणी माफ केलेलं नाही. महिनाभरात तिला शोध लागला, की नेटवर फुलं, झालरी, चौकटी, पक्षी, पाळणे अशी तयार डिझाइनं फुकट मिळतात. ती छापून घ्यायची, कापायची, जाड कागदावर एकावर एक थरांनी चिकटवायची, की कार्ड तयार. कार्डांनी भागेना, तेव्हा ती घराण्याच्या अल्बमांवर घसरली. ट्रंकेतले सगळे फोटो बाहेर काढून एकेका प्रसंगाचं सजवलेलं पान करायचं तिनं मनावर घेतलं. मात्र ही डिझाइनं करणारी मंडळी सगळी थंड मुलखातली असावीत. त्यामुळे आमच्या घराण्याचा सगळा इतिहास आता बर्फात घडलेला आहे. माझ्या चुलतभावाचं जावळ काढलं तेव्हाचा फोटो आहे, भर मे महिन्यातला. पोरगं तुळतुळीत डोक्यानं गळा काढून रडतंय आणि त्याच्या चहूबाजूंनी बर्फाचे बाहुले टोप्या घालून हसतायत.

बसस्टँडजवळचे कलर प्रिंटवाले रशीदभाई तिला सुरुवातीला समजावून बघायचे. ‘‘मॅडम, ये बरफ का क्या करते आप? यहाँ तो माठ में का पानी बी ठंडा नै होता.’’ आत्या म्हणायची, ‘‘रशीदभाई, तुम्ही रंग बराबर येतोय का तेवढं बघा. निळा फिका आल्ता मागच्या टायमाला.’’ पुढं पुढं रशीदभाईंनी हात टेकले. आता ते आत्याला दुकानात येताना बघूनच मशीनमध्ये जाड कागद भरतात, आणि ईदला त्यांच्या घरी जे कार्ड जातं त्यावर एकदा नाताळची हरणांची गाडी आली होती, तीही त्यांनी दुकानात काचेला लावून ठेवली.

डिझाइनवर इंग्रजीत काही छापलेलं असलं तर आत्या ते काढत नाही. छापलेली गोष्ट कापून टाकणं तिला शिक्षिका म्हणून जमत नाही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, साठीला तिनं जे कार्ड आणलं त्यावर निळ्या फुग्यांच्या मधोमध ‘इट्स अ बॉय’ असं होतं. आप्पा एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर होते. त्यांच्या हाताखालची माणसं त्यांच्यासमोर खोकायलाही घाबरत. जमलेल्या पाहुण्यांत थोडंफार इंग्रजी येणाऱ्यांनी माना खाली घातल्या. आत्या म्हणाली, ‘‘खोटं काय हाय त्यात? हा झाला तव्हा सुइणीनं बाहेर येऊन हेच तर सांगितलं. मी व्हते तिथं.’’ आप्पांना ‘बाळ्या’ म्हणणारं माणूस जगात ती एकटीच उरली आहे आणि ती हा अधिकार चारचौघांत वापरते.

फोटोंच्या बाबतीत तिची कात्री फारच मनमानी. माणूस कापून घ्यायचा तर कडेकडेनं कापावा लागतो आणि त्यात कुणाचा कान जातो, कुणाचं कोपर. पण काही माणसं अपघातानं जात नाहीत. माझ्या साखरपुड्याच्या पानावर माझ्या सासूबाई अर्ध्याच आहेत. मी भीतभीत विचारलं तर म्हणाली, ‘‘त्या फोटोकडं बघतच नव्हत्या. जेवणाच्या पंगतीकडं बघून राह्यल्या व्हत्या. मंग मी त्यांना तिकडं जाऊ दिलं.’’

अशा या आत्याला घरापासून दूर कसं ठेवावं हा प्रश्न आमच्यापुढे खऱ्या अर्थानं उभा राहिला तो माझी धाकटी बहीण सुवर्णा सासर सोडून आली तेव्हा. लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. काय झालं ते तिनं एकदाच, आईला सांगितलं. मारहाण वगैरे नव्हती. त्या घरात तिच्याशी कुणी बोलतच नसे. नवरा स्वतःच्या आईमार्फत निरोप द्यायचा, एका खोलीत असूनसुद्धा. वर्ष-दीड वर्ष तिनं ते सोसलं आणि एका सकाळी बॅग भरून जालन्याची गाडी धरली. पुढं रीतसर काडीमोड झाला. पण आमच्या घरात जे सुरू झालं ते सुतकाहून वेगळं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, ‘‘आलीय जरा आरामाला.’’ आप्पांनी चौकातल्या हॉटेलात चहाला जाणं बंद केलं. नातेवाईक यायचे, हळू आवाजात बोलायचे आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघून उसासे टाकायचे. सुवर्णा त्या दारातून बाहेर यायची ती जेवायपुरती. तिकडं बोलणारं कुणी नव्हतं म्हणून ती आली होती, आणि इकडं सगळे बोलत होते ते तिला सोडून.

आत्या येणार असं कळल्यावर आईनं मला फोन करायला लावला. मी स्पष्टच म्हणालो, ‘‘आत्या, ये. पण कार्ड आणू नको.’’

‘‘मी काय येडी हाय का?’’ ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं. ते उत्तर होकार नव्हतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

ती भोकरदनच्या बसनं आली, हातपाय धुऊन पोटभर जेवली. बैठकीत आप्पा होते, आमच्या दोन चुलत्या उसासे टाकायला आलेल्या होत्या. आत्यानं सुवर्णाला हाक मारून बाहेर बोलावलं, शेजारी बसवलं आणि पिशवीतून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. वर कुठल्याशा परदेशी घराचं दार छापलेलं, दाराभोवती वेली, आणि ते दार खरोखर उघडत होतं. आत सुवर्णाचा फोटो. लग्नातलाच, पण नवरदेव कापून टाकलेला. खांद्यावर एक मोठं पिवळं फुलपाखरू. खाली त्या गोल अक्षरांत ‘घरी परत आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

चुलत्यांचा उसासा निम्म्यात थांबला. आप्पांचा चेहरा काळा पडला. ‘‘आक्का,’’ ते म्हणाले, ‘‘ही काय अभिनंदन करायची गोष्ट हाय?’’

‘‘मंग कशाचं करू, बाळ्या?’’ आत्या शांतपणे म्हणाली. ‘‘लेक जित्ती घरी आली. न्हाई आली असती तर मला हार आणावा लागला असता. तो तुला चालला असता का?’’

आप्पा उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं, आता संपलं, हे बहीणभाऊ पुन्हा बोलत नाहीत. सुवर्णा मात्र अजून कार्डच बघत होती. तिनं नखानं ते फुलपाखरू अलगद उचललं. खाली, तिच्या खांद्यावर, नवऱ्याची चार बोटं तशीच होती.

‘‘ती निघंनात,’’ आत्या जरा ओशाळून म्हणाली. ‘‘कापली असती तर तुझा खांदा गेला असता. म्हणून झाकली.’’

सुवर्णा हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. हसता हसता तिला ठसका लागला आणि आईला पाणी आणावं लागलं. पाणी देताना आईही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. एका चुलतीनं ते कार्ड बघायला मागितलं. आप्पा बाहेर ओसरीवरच उभे होते, लांब गेलेच नव्हते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी आत्या सुवर्णाला भोकरदनला घेऊन गेली. कुणाला विचारलं नाही. आमचं शेत त्याच वाटेवर आहे, त्यामुळे मधूनमधून मी तिथं डोकवायचो. दोघी जमिनीवर कागदांच्या पसाऱ्यात बसलेल्या असायच्या आणि मोठमोठ्यानं भांडायच्या, बहुतेक बर्फावरून. सुवर्णा म्हणायची, आपल्याकडची झाडं काढून छापून घेऊ. आत्या म्हणायची, बाभळीच्या काट्याचं कार्ड कोण घेतं. शेवटी सुवर्णानं बोगनवेल काढली आणि रशीदभाईंनी ती छापताना पहिल्यांदाच काही शेरा मारला नाही. दुपारी ती नर्सिंगच्या प्रवेशाचा अभ्यास करायची. पुढं तिला प्रवेश मिळाला, शिक्षणही तिनं आत्याकडे राहूनच केलं.

आप्पा मात्र पहिल्या पेरणीपर्यंत तिथं गेले नाहीत. त्यानंतर एका दुपारी मी शेतातून त्यांना घ्यायला गेलो तर ते शेतात नव्हते. गडी म्हणाला, आक्काकडं गेलेत. मी जाऊन बघतो तर आप्पा चष्मा लावून मांडी घालून बसलेले, दोन बोटांच्या चिमटीत कागदाची नाजूक झालर, अंगठ्याला डिंक. कंपनीत पोती लावून घ्यायचे त्याच गंभीर चेहऱ्यानं त्यांनी मान वर केली आणि सुवर्णाला विचारलं, ‘‘हे कुठं चिकटवू?’’ बापलेकीत त्याहून वेगळं काही बोलणं झाल्याचं मला माहीत नाही. तिनं बोटानं जागा दाखवली. झालर वाकडी बसली. आत्यानं ती तशीच राहू दिली.

यंदा सुवर्णाला नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. तिला बसवून द्यायला आम्ही भोकरदनच्या स्टँडवर गेलो. मी, आप्पा, आई आणि आत्या. गाडी लागली. सामान वर चढलं. मी आत्याच्या हाताकडे बघत होतो. हात रिकामे होते. पिशवीसुद्धा नव्हती. मूळव्याधीला कार्ड देणारी बाई, आणि आज काहीच नाही.

‘‘आत्या, कार्ड?’’ मी हळूच विचारलं.

‘‘बसले व्हते करायला,’’ ती गाडीकडे बघत म्हणाली. ‘‘मनातून अभिनंदन निघंना. खोटं मी कुणाला दिलेलं न्हाई.’’

सुवर्णानं खिडकीतून हात बाहेर काढला. आत्यानं तो धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि गाडी हलल्यावर सोडला. गाडी वळणाआड गेली तरी ती तिथंच उभी राहिली. मग पदर सारखा करून आप्पांना म्हणाली, ‘‘चल बाळ्या, घरी चल. सवयीनं तिच्या वाटच्या भाकरी थापल्यात. खायला लागंल कुणाला तरी.’’